हौद्यातली वीज

वीज जाऊन एक रात्र उलटली होती. सकाळी माझे सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगात माझ्या नवऱ्याचं, शैलेशचं, जाड जाकीट होतं. शैलेश गेल्यापासून ते कपाटाबाहेर आलं नव्हतं. बाह्या त्यांच्या बोटांवर उतरत होत्या.

"गाडीत हीटर असेल ना?" त्यांनी विचारलं.

मी दुधाचं पातेलं हातात घेऊन नुसतीच उभी होते. आमच्या घरात शेगडीसुद्धा विजेची, त्यामुळे चहासुद्धा नव्हता. ह्यूस्टनच्या उत्तरेला आमची वसाहत आहे. इकडे हिवाळा म्हणजे फार तर एखादं स्वेटर. त्या फेब्रुवारीत मात्र बर्फ पडला, नळ गोठले आणि अर्ध्या राज्याची वीज गेली. रात्रभर मी दोन ब्लँकेटांखाली जागी होते. पलीकडच्या खोलीत दादाही, म्हणजे माझे सासरेही, जागेच होते. त्यांचं खोकणं ऐकू येत होतं, पण 'झोप येत नाही का' असं विचारायला मी उठले नाही. आमचं तेव्हा तसंच चाललं होतं.

"असेल," मी म्हणाले आणि शैलेशच्या टेबलाच्या खणातून किल्ली काढली.

त्या गाडीबद्दल आधी सांगायला हवं. उन्हाळ्यात शैलेशने एक ट्रक नोंदवला. ट्रक म्हणजे पिकअप, पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा. इथे शेतकरी नाहीतर बांधकामवाले घेतात तसला. त्यातही हा हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि मोठी बॅटरी. मागच्या हौद्यात घरातल्यासारखे प्लग. गाडी उभी असताना त्यातून वीज घेता येते म्हणे. शैलेश संगणकावर काम करणारा माणूस. त्याने आयुष्यात खिळा कधी सरळ ठोकला नव्हता.

"एवढं धूड कशाला? कडबा वाहणार आहेस?" मी विचारलं होतं.

"लागेल कधीतरी," तो म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याचा मला फार राग आला. आम्ही दोघंच, मूलबाळ नाही, आणि हा ट्रक घेणार. पुढचे कित्येक दिवस आमच्यात त्यावरूनच धुसफूस चालली. मग दादा बार्शीहून सहा महिन्यांसाठी राहायला आले आणि त्यांच्यासमोर नको म्हणून तो विषय तसाच राहिला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी शैलेश फिरायला जायला म्हणून खाली आला, बूट घालायला सोफ्यावर बसला आणि तिथेच कलंडला. दादा समोरच्या खुर्चीत होते. मी वर अंघोळीला गेले होते. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता.

डिसेंबरात गाडीच्या दुकानातून फोन आला. विक्रेता पोरगा खुशीत होता. तुमच्या मिस्टरांचा ट्रक आलाय, कधी येताय, म्हणाला. गाडी नको असं मला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, येते. कागद दोघांच्या नावाचे होते, माझ्या सहीवर भागलं. मिस्टर कधी बघणार, असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, नंतर. टाकी भरून दिलेली ती अवाढव्य गाडी मी कडेकडेने घरी आणली, दारात लावली आणि पुन्हा तिच्यात बसले नाही. दादांनी खिडकीतून पाहिलं, काही विचारलं नाही. रविवारी सकाळी ते ओलं फडकं घेऊन बाहेर जात आणि ती पुसून येत. मार्चमध्ये त्यांचं परतीचं विमान होतं. तोवर आम्ही त्या घरात एका स्टँडवर वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघणाऱ्या उतारूंसारखे राहत होतो.

काचेवरचा बर्फ मी उलथन्याने खरवडला. आम्ही आत बसलो. मी बटण दाबलं. समोरचा पडदा उजळला, पण आवाज काहीच झाला नाही.

"बिघडलीय वाटतं," दादा म्हणाले.

तेवढ्यात इंजिन आपोआप सुरू झालं. थोड्या वेळाने पायांशी ऊब आली. दादांनी हात पुढे धरले. त्यांची नखं जांभळट दिसत होती. केबिन चांगली गरम झाल्यावर इंजिन जसं सुरू झालं होतं तसंच बंद पडलं.

"गेली?"

"नाही. तिचं असंच असतं. गरज लागली की इंजिन लागतं, नाहीतर बॅटरीवर चालते."

"मग चालू आहे का बंद, आपल्याला कळायचं कसं?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मी माझा फोन चार्जिंगला लावला. दादांनी जाकिटाच्या खिशातून एक फोन काढला आणि दुसरी वायर आहे का, विचारलं. त्या फोनच्या कोपऱ्याला तडा होता. शैलेशच्या हातून तो जिन्यात पडला होता तेव्हाचा. मी समजत होते की तो फोन शैलेशच्या कपड्यांच्या खणात बंद पडून आहे. नंबर मात्र मी बंद केला नव्हता. का केला नव्हता, हे मला कुणी विचारलंही नव्हतं.

"हा तुमच्याकडे कसा?"

"मी रोज चार्ज करतो," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "फोन येतात त्याला. ग्रंथालयाचा येतो. दातांच्या डॉक्टरचा आला होता. एकदा ऑफिसातल्या कुणीतरी चुकून लावला. मी उचलत नाही. नाव बघतो नुसतं."

"कशाला पण?"

त्यांनी फोनच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वाजला की वाटतं, कुणाला तरी तो हवाय."

फोन सुरू झाला आणि लगेच थरथरायला लागला. आदल्या दिवसापासूनचे न घेतलेले कॉल एकाखाली एक आले. सगळ्यांवर एकच नाव होतं. लॉरेन, समोरचं घर. आम्ही दोघं ते वाचत होतो तोच फोन वाजायला लागला.

समोरच्या घरातल्या लॉरेनबाईंना मी ओळखत होते ती हात हलवण्यापुरती. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, नाकाला नळी लावून दारातली फुलझाडं बघणाऱ्या. गेल्या काही महिन्यांत त्या दिसल्याच नव्हत्या. शैलेशच्या फोनात त्यांचा नंबर कशाला असावा, मला कळेना. दादांनी फोन माझ्यापुढे धरला. मी उचलला.

"शैलेश, मी कालपासून लावतेय," बारीक, तुटक आवाज आला. "वीज गेली की मला फोन करा, असं तूच म्हणाला होतास."

"मी त्याची बायको बोलतेय," मी म्हणाले.

"बरं झालं. मला खिडकीतून ट्रक दिसतोय. माझं ऑक्सिजनचं यंत्र बंद आहे. लहान सिलिंडरवर आहे मी, आणि तोही संपत आलाय. घाई नाही असं म्हणाले असते, पण आहे."

"येतो आम्ही."

फोन ठेवून मी दादांना सांगितलं. ते खाली उतरले. मला वाटलं, पायी जायला निघाले. ते घरातून खड्या मिठाची पिशवी घेऊन परत आले.

"मी पुढे टाकत जातो," ते म्हणाले. "तुम्ही मागनं सावकाश या." तेव्हा ते मला अहो-जाहोच करत.

आमचं घर उंचावर आणि लॉरेनबाईंचं उताराला. मधे फक्त रस्ता, पण त्यावर काचेसारखा गोठलेला थर. बर्फ विरघळावा म्हणून दादा पेरणी करावी तसे मूठमूठ मीठ टाकत पुढे चालले होते. मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडत होते. गाडी बॅटरीवर होती, तिचा काहीही आवाज नव्हता. उतार सुरू झाला आणि मला जाणवलं की ब्रेक दाबलेला आहे, चाकं फिरत नाहीयेत, आणि तरीही आपण पुढे चाललो आहोत. अडीच-तीन टनांचं ते धूड नि:शब्द दादांच्या पाठीकडे घसरत होतं. त्यांना काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. ते वाकून पिशवीत हात घालत होते.

मी हॉर्नवर तळहात दाबून धरला. दादांनी वळून पाहिलं आणि बाजूला उडी घेतली. उडी कसली, पडलेच ते, समोरच्या कुंपणाच्या झुडपात. गाडी त्यांच्या शेजारून गेली, पुढचं चाक रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्याला लागलं आणि ती थांबली.

मी उतरून धावायला गेले आणि स्वतःच घसरले. दादा तोवर उठून बसले होते. त्यांच्या कपाळावर ओरखडा होता. पण ते बघत होते जाकिटाच्या बाहीकडे. ती कोपरापासून फाटली होती आणि आतला पांढरा कापूस बाहेर आला होता. ते तो कापूस बोटाने आत ढकलत होते. तो परत बाहेर येत होता.

"शिवता येईल," मी म्हणाले.

"हो, येईल," ते म्हणाले. मग माझा हात धरून उभे राहिले. इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच हात लावत होतो.

दार उघडायला लॉरेनबाईंना वेळ लागला. ओठ निळसर झाले होते आणि एकेक शब्दाला त्या थांबत होत्या. मी वायर कुठून आणायची याचा विचार करत होते, तर त्यांनी दारामागे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला नारिंगी रंगाची जाड, लांबलचक वायर गुंडाळून टांगलेली होती.

"त्यानेच आणून ठेवलीय. सप्टेंबरात," त्या म्हणाल्या.

मी वायर खिडकीतून बाहेर नेली आणि हौद्यातल्या प्लगला लावली. यंत्र ढिम्म. परत आत, परत बाहेर. मग लक्षात आलं की आधी केबिनमध्ये बटण दाबून वीज बाहेर सोडावी लागते. ते पडद्यावर शोधताना चुकून रेडिओच लागला. शेवटी ते सापडलं. घरातून दादांची हाक आली, "चाललं." मी आत गेले तेव्हा यंत्र घरघरत होतं आणि लॉरेनबाई डोळे मिटून नाकाने लांब लांब श्वास घेत होत्या. दादा त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसून त्यांच्या बोटांचा रंग बघत होते. रंग बदलायला लागल्यावर त्यांनी मला खुणेने दाखवलं.

थोड्या वेळाने लॉरेनबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "शैलेश कुठे आहे? गावाला गेलाय?"

मराठीत मी सगळ्यांना 'शैलेश गेला' असं सांगितलं होतं. गेला म्हटलं की कुणी काही विचारत नाही, आणि सांगणाऱ्यालाही थोडी पळवाट राहते. गेलेला माणूस निदान कुठेतरी गेलेला असतो. ऑफिसात मी ईमेल केली होती. तोंडाने इंग्रजीत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो मेला," मी इंग्रजीत म्हणाले. "नोव्हेंबरात. हृदयविकाराने."

त्या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. दादांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तेवढा शब्द त्यांना कळत होता. त्यांनी मान खाली घातली.  लॉरेनबाईंनी हात पुढे केला आणि मी त्यांच्या खुर्चीपाशी बसले, ती कितीतरी वेळ तशीच. दवाखान्यातही मला इतकं रडू आलं नव्हतं.

मग लॉरेनबाईंनी श्वास घेत घेत सांगितलं. त्या ऑक्टोबरात लेकीकडे ओक्लाहोमाला गेल्या होत्या आणि जानेवारीत परत आल्या होत्या, म्हणून त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका वादळात आमच्या गल्लीची वीज अर्धा दिवस गेली होती. मला ते आठवतही नव्हतं. शैलेश तेव्हा बाहेर फिरत असताना त्याला लॉरेनबाई आपल्या मोटारीत सिलिंडर मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. लेकीकडे जायला निघाल्या होत्या, पण गाडी चालवण्याइतका दम नव्हता. वीज येईपर्यंत तो त्यांच्याजवळ बसून राहिला. नंतर एकदा येऊन त्याने यंत्राला किती वीज लागते ते लिहून नेलं, खिडकीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. असा एक ट्रक निघालाय म्हणाला, टाकी भरलेली असली तर कितीतरी दिवस घर चालेल, इंजिन सारखं चालवावं लागत नाही.

"मी म्हटलं, माझ्यासाठी ट्रक कशाला घेतोस. तर म्हणाला, तसं नाही, मला घ्यायचाच होता, आता निमित्त मिळालं." लॉरेनबाई थोडं हसल्या. "मी विचारलं, तुझी बायको काय म्हणते. म्हणाला, तिला वाटतं मला वेड लागलंय. गाडी आली की तिला इथे घेऊन येईन आणि दाखवीन."

खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं नाही. राग आला. समोरच्या बाईला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी एवढी भांडले तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. आता मी हे भांडण कुणाशी संपवायचं? मी दादांना सगळं मराठीत सांगितलं, आणि शेवटी हेही म्हणाले, जरा मोठ्यानेच म्हणाले, की मला का नाही सांगितलं.

दादा फाटक्या बाहीशी चाळा करत होते.

"त्याची आई आजारी होती तेव्हा तो आठवीत होता," ते म्हणाले. "मी ऑफिसात. शेजारीण दुपारी येऊन बघायची तिला, असं मी समजत होतो. हा रोज मधल्या सुट्टीत शाळेतून पळत घरी यायचा, तिला पाणी पाजायचा, कूस बदलून द्यायचा आणि परत जायचा. ती गेल्यानंतर मला कळलं. तेही त्या शेजारणीकडून." त्यांनी बाहीतला कापूस पुन्हा आत ढकलला. "मीपण त्याला हेच विचारलं होतं. मला का नाही सांगितलं. तर नुसता हसला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रडत होते, पण आवाज नव्हता.

गल्लीतली वीज येईपर्यंत आम्ही तिघं लॉरेनबाईंच्या त्या एकाच खोलीत राहिलो. त्यांच्या घरी गॅसची शेगडी होती. दादांनी काडी लावून मुगाची खिचडी केली. लॉरेनबाईंनी ती केचप घालून खाल्ली. बाहेर ट्रक उभा होता. बराच वेळ तो अगदी गप्प असे. मग बॅटरी उतरत आली की इंजिन आपलं आपण लागे, थोडा वेळ चाले आणि परत बंद होई. ते शांत राहिलं की आम्ही बोलता बोलता थांबायचो. यंत्राची घरघर चालूच असायची, तरीही कान बाहेर लागलेले असायचे. इंजिन लागलं की दादा म्हणत, "लागलं." लॉरेनबाईंनी तो शब्द उचलला. दुसऱ्या दिवशी दादांच्या आधी त्याच म्हणायला लागल्या.

मी दादांना शैलेशबद्दल विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्यांनी मला विचारलं, मीही सांगितलं. सोफ्यावरच्या त्या सकाळी शेवटचं तो काय म्हणाला, ते मी इतके दिवस विचारलं नव्हतं. दादा म्हणाले, बाहेर गार आहे का, असं विचारलं त्याने. मी हो म्हणालो. बस्स, एवढंच.

वीज आली तेव्हा लॉरेनबाईंचा टीव्ही एकदम मोठ्याने सुरू झाला आणि आम्ही तिघंही दचकलो. टाकीत तेव्हा निम्म्याहून जास्त पेट्रोल शिल्लक होतं. वायर मी गुंडाळून परत दारामागे टांगली.

आम्ही घरी आलो. हीटरचा पंखा फिरत होता. आता पुन्हा आपापल्या खोलीत जायचं होतं. दिवाणखान्यात आम्ही थोडा वेळ घुटमळलो. मग दादा स्वयंपाकघरात गेले आणि शैलेशचा फोन त्यांनी ओट्यावरच्या चार्जरला, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवला.

मार्चमध्ये मी त्यांना त्याच गाडीतून विमानतळावर सोडायला गेले. राहा अजून, असं मी दोनदा म्हटलं होतं. घराला कुलूप लावून किती दिवस राहायचं, म्हणाले. तिकडे तरी कोण होतं त्यांचं? पण इथे खिडकीतून बघायला रस्त्यावर माणूसही नव्हतं, आणि बार्शीत निदान दूधवाला दारात येऊन बोलत होता.

गाडी थांबवल्यावर ते लगेच उतरले नाहीत. इंजिन बंद झालं होतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "इथं तुला 'अगं' म्हणणारं कोण आहे?"

मी विचार केला. ऑफिसातले मला हेमा म्हणायचे, अख्खं हेमांगी त्यांना उच्चारता येत नव्हतं. लॉरेनबाई 'हनी' म्हणायच्या, पण त्या दुकानातल्या पोरांनाही हनीच म्हणायच्या.

"कुणी नाही," मी म्हणाले.

 मग दार उघडता उघडता म्हणाले, "मग मी करत जाईन फोन."

चार वर्षं त्यांनी तो केला. मी ऑफिसातून निघायची तेव्हा तिकडे पहाट असायची. ते उठलेलेच असत. गाडीत फोन लागला की त्यांचा आवाज सगळ्या केबिनभर येई, रिकाम्या सीटांवरून, मागच्या काचेपर्यंत. बोलायला आमच्याकडे फार काही नसायचं. "अगं, निघालीस का?" "निघाले." "जेवायला काय करणार?" मी काहीतरी सांगायची. "बरं मग," म्हणून ते ठेवून द्यायचे. कधी ठेवायला विसरायचे आणि मग बार्शीतल्या कोंबड्यांचा, बादलीचा, त्यांच्या चपलांचा आवाज येत राहायचा. मी तो बंद करायची नाही.

गेल्या श्रावणात दादा वारले. लॉरेनबाई समोर आहेत अजून. गाडीही आहे. संध्याकाळी मी तिच्यातूनच घरी येते आणि रस्ता मोकळा असला तरी सावकाश चालवते.